चित्राखालची पट्टी

चित्रकलेच्या पोरापोरींना शेवटच्या वर्षी प्रदर्शन लावावं लागतं. वर्षभर खपून केलेलं काम भिंतीवर टांगायचं. परीक्षक येतात, मास्तरलोक येतात, गावातली चार शौकीन माणसं येतात. प्रत्येक चित्राच्या बाजूला कागदाची एक पट्टी असते. तिच्यावर चित्राचं नाव, माध्यम, आकार आणि काढणाऱ्याचं नाव. लोक चित्र बघतात, मग पट्टी वाचतात. काही लोक आधी पट्टी वाचतात आणि चित्र किती वेळ बघायचं ते मग ठरवतात. हा लेख त्या पट्टीवर आहे.

नाशकातल्या आपल्या वस्तीतला एक पोरगा यंदा शेवटच्या वर्षाला आहे. आई बांधकामावर, बाप हमालीत. पोरानं आठ चित्रं योजलीत, पैकी पाच झालीत. रंगाच्या नळ्या महाग, तयार कॅनव्हास त्याहून महाग. म्हणून तो मांजरपाट आणतो, लाकडी चौकटीवर ताणून खिळे ठोकतो, वरून पांढऱ्या रंगाचे दोन-तीन हात मारतो. चित्रांत आईचं घमेलं आहे, वस्तीचा नळ आहे, पहाटे माणसं भरून नेणारा टेम्पो आहे. गोदाघाटाची जलरंगातली चित्रं ही नाशिकची जुनी ओळख. शिवाजी तुपे यांच्यासारख्या चित्रकारानं त्यात नाव काढलं. आमच्या पोराच्या चित्रात घाट नाही. घाटावर दगड वाहणारी माणसं आहेत.

त्याच्यापुढं दोन प्रश्न उभे राहिलेत. पहिला एका मास्तरांनी टाकला : या कामामागं परंपरा कोणती? दुसरा त्याचा त्यालाच पडला : पट्टीवर आडनाव लिहू का नको? नुसतं पहिलं नाव टाकलं तर भागेल का? आडनाव वाचलं की बघणाऱ्याची नजर चित्रावरून उतरते ती पट्टीवरच अडकून बसते, असं त्याचं म्हणणं. हे म्हणणं खोटं नाय. खोली भाड्यानं घ्यायला गेलेल्या आपल्यातल्या कुणालाही विचारा.

मी चित्रकार नाही. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर उभा राहतो आणि पाळी संपली की कविता लिहितो. शाळा अर्ध्यात सुटली, पुढचं सगळं वाचनालयात. पण मला वाटतं या दोन्ही प्रश्नांची उत्तरं इतिहासात आहेत, आणि तो इतिहास नाशकापासून रिक्षाच्या अंतरावर आहे.

शहराच्या दक्षिणेला, मुंबईच्या रस्त्यावर, आठेक किलोमीटरवर डोंगर आहे. लोक त्याला पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा तिथं काडीचा संबंध नाही. शिलालेखांत डोंगराचं नाव तिरण्हु आहे, म्हंजे त्रिरश्मी. २४ लेणी, भिक्खूंसाठी कोरलेली. त्यातलं १९ नंबरचं सगळ्यात जुनं, सातवाहनांच्या कण्ह राजाच्या काळातलं, इसवी सनाच्या आधीचं. म्हंजे बघा, नाव पुसण्याचं काम डोंगरापासूनच सुरू झालं. खोदलं कुणासाठी आणि पाटी कुणाची लागली!

पण आत भिंतीवर जी अक्षरं आहेत ती कुणाला पुसता आली नाहीत. १० नंबरच्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. हा क्षत्रप राजा नहपानाचा जावई. काळ इसवीच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. त्यानं हे लेणं भिक्खुसंघाला दिलं आणि खर्चासाठी ३,००० कार्षापण कायमचे ठेव म्हणून ठेवले. ठेवले कुणाकडं? गोवर्धन गावातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडं. लेखातला शब्द आहे कोलिक, म्हंजे विणकर. एका श्रेणीकडं २,००० शेकडा १ व्याजानं, दुसरीकडं १,००० शेकडा पाऊण व्याजानं. व्याज महिन्याचं. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज खायचं.

आता हिशोब करा. २,००० वर महिना २०, वर्षाला २४०. लेखात म्हटलंय, वर्षावासात लेण्यात राहणाऱ्या २० भिक्खूंना चिवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. वीस बारे दोनशे चाळीस. एक पैसा इकडं-तिकडं नाही. हा व्यवहार निगमसभेत जाहीर केला, फळ्यावर नोंदवला, असंही तिथं कोरलंय. आज विणकर कर्जाला गेला तर बँक त्याच्याकडं जामीन मागते. तेव्हा राजाचा जावई आपला पैसा विणकरांकडं ठेवत होता आणि भिक्खूंच्या अंगावरचं वस्त्र विणकरांच्या व्याजातून येत होतं. हाच उषवदात ब्राह्मणांनाही गाई आणि गावं देत होता. तेही त्याच्याच लेखात आहे, ते लपवायचं कारण नाही. पण पैसा सांभाळायला त्याला विश्वासाचे वाटले ते हातानं काम करणारे.

त्याच लेण्यात पुढच्या काळातला, आभीर राजा ईश्वरसेनाच्या वेळचा लेख आहे. आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी विष्णुदत्ता नावाच्या बाईनं ठेव ठेवली. तीही श्रेणींकडंच. त्यांत पाण्याची यंत्रं करणारे आहेत, तेली आहेत. १८ नंबरचं चैत्यगृह पूर्ण करवलं ते भटपालिका नावाच्या बाईनं. त्याच चैत्याच्या दारावरचा भाग धंभिक गावानं दिला. एकट्या माणसानं नव्हे, अख्ख्या गावानं. आणि ८ नंबरच्या लेण्यात मुगुदास नावाचा माणूस आहे. आपल्या घरच्यांसकट त्यानं लेणं दान दिलं. नावाआधी त्याचा धंदा कोरलाय : दासक. अभ्यासकांनी त्याचा अर्थ कोळी, मासे धरणारा, असा लावलाय.

मुगुदासानं धंदा लपवला नाही. दगडात कोरवून घेतला. राजाच्या आईचा लेख ३ नंबरला आणि मासे धरणाऱ्याचा ८ नंबरला, एकाच डोंगरात, एकाच लिपीत.

एक गोष्ट मात्र खरी सांगितली पाहिजे. ही बहुतेक नावं दान देणाऱ्यांची आहेत. ज्यांनी छातीएवढा कातळ टाकीनं फोडून आत खांब उभे केले ती माणसं इथंही निनावीच राहिली. हात एकाचा, नाव दुसऱ्याचं, ही रीत जुनी आहे. पण ती मोडलेली ठिकाणंही आहेत. लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या चैत्यात दाराजवळ लेख आहे. धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुतारानं, वेणुवासाच्या पोरानं, हे दार केलं. गाव, धंदा, बापाचं नाव, स्वतःचं नाव, केलेलं काम. सगळं आहे. तिकडं सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी लिहून ठेवलंय की इथलं कोरीव काम आमचं. माझ्या मते चित्राखालच्या पट्टीची पहिली ओळ ही. दोन हजार वर्षांपूर्वी सुताराला कळलं होतं की कामाशेजारी आपलं नाव पाहिजे.

आता कला-शाळांकडं येऊ. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं १८५७ साली. त्याच्या आदल्याच साली, १८५६ मध्ये, धारवाडला एका महार पोरानं सरकारी शाळेत नाव घालायला अर्ज केला आणि त्याला दारातूनच परत पाठवलं. या दोन साली शेजारी शेजारी ठेवून वाचायच्या. एकीकडं चित्र शिकवायची सोय होत होती, दुसरीकडं आपल्या पोराला पाटीवर अक्षरही काढू देत नव्हते.

या जे. जे. च्या विद्यार्थ्यांनी केलेलं सगळ्यात मोठं काम कुठलं? अजिंठ्याचं. त्याआधी १८४४ पासून रॉबर्ट गिल हा लष्करी अधिकारी तिथल्या भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करत होता. वर्षानुवर्षं केलेल्या त्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. मग जे. जे. चे जॉन ग्रिफिथ्स पोरांना घेऊन अजिंठ्याला गेले. १८७२ ते १८८५ एवढ्या काळात विद्यार्थ्यांनी लेण्यातल्या अंधारात बसून कॅनव्हासवर नकला उतरवल्या. सुमारे ३०० चित्रं झाली. ती लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात गेली. १८८५ मध्ये तिथंही आग लागली, पुष्कळ चित्रं जळाली. उरलेली आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. १८९६-९७ मध्ये त्या कामावर दोन खंडांचा मोठा ग्रंथ निघाला. ग्रंथावर नाव ग्रिफिथ्सचं. पोरांपैकी पेस्तनजी बोमनजी पुढं नावाजले. जगन्नाथ अनंत असं एखादं नाव संग्रहालयाच्या नोंदीत सापडतं. बाकी कितीजणांचे हात त्या कॅनव्हासवर फिरले ते सांगायला पट्टी नाही.

ग्रिफिथ्सनं वाईट केलं असं मी म्हणत नाही. त्यानं ती चित्रं उतरवून घेतली नसती तर नंतर भिंतीवरून पोपडे पडून गेलेला भाग आपल्याला दिसलाच नसता. मी एवढंच म्हणतो की विद्यार्थ्याचं काम जगभर फिरलं आणि विद्यार्थी मागं राहिला. आमच्या गिरणीत हेच होतं. सुताच्या कोनात लेबल असतं. तिच्यावर गिरणीचं नाव आणि सुताचा नंबर. पुढं कापड झालं की थानावर कंपनीचा शिक्का. मांजरपाट चौकटीवर ताणताना आमच्या पोराच्या बोटाला जे सूत लागतं ते कुणी काढलं हे त्याला कळायला मार्ग नाही. मलाही नाही.

अजिंठ्याची गोष्ट पुढं सरकते. १९०९ ते १९११ च्या हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम नकला करायला आली. तिच्या मदतीला कलकत्त्याहून कलाविद्यार्थी आले. त्यात एक नंदलाल बोस. या माणसानं बुद्धाची चित्रं भिंतीसमोर उभं राहून हातात मुरवली. चाळीस वर्षांनी भारताचं संविधान तयार झालं आणि त्याची हस्तलिखित प्रत सजवायचं काम शांतिनिकेतनला त्याच नंदलालांकडं गेलं. त्यांनी ते आपल्या शिष्यांना आणि विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन केलं. अशोकाच्या सारनाथच्या स्तंभावरचे सिंह रेखाटले दीनानाथ भार्गव यांनी. ते तेव्हा तिथं शिकत होते. उद्देशिकेच्या पानाची वेलबुट्टी राममनोहर सिन्हा यांची, आणि तिच्यात त्यांनी आपली बारीकशी सही ठेवलीय. आतल्या पानांत बुद्धाच्या आयुष्यातला प्रसंगही आहे. 

मजकूर हातानं लिहिला प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी. मोबदला किती घेणार विचारल्यावर त्यांनी पैसा नको म्हटलं. मागितलं एवढंच, की प्रत्येक पानावर माझं नाव असावं आणि शेवटच्या पानावर माझ्या आजोबांचंही. ते दिलं गेलं. २४ जानेवारी १९५० ला संविधान सभेच्या सदस्यांनी त्या प्रतीवर सह्या केल्या. मसुदा समितीच्या अध्यक्षांची, बाबासाहेबांची, सही तिथं आहे. आडनावासकट. 

म्हंजे अजिंठ्याच्या अंधारात एका विद्यार्थ्यानं केलेला अभ्यास संविधानाच्या पानापर्यंत पोचला. विद्यार्थ्याचं काम लहान असतं, परीक्षेपुरतं असतं, असं कुणी म्हणालं तर त्याला ही गोष्ट सांगावी.

परत नाशकाला या. त्रिरश्मीच्या पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचं स्मारक आहे. फाळके इथलेच, १८७० चा जन्म त्र्यंबकेश्वरचा. तेही कलाविद्यार्थी. १८८५ मध्ये जे. जे. त गेले, म्हंजे अजिंठ्याचं काम संपत होतं त्याच साली. पुढं बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, फोटोग्राफी शिकले. १८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात नाट्यगृहाचा नमुना ठेवला आणि सोन्याचं पदक मिळवलं. प्रदर्शनात ठेवलेली ती वस्तू लहान होती, पण त्या हातांना पुढं काय करायचं होतं त्याची खूण तिच्यात होती. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला आणि त्यानंतर फाळक्यांनी आपला कारखाना नाशकातच थाटला. माणूस मोठा, वाद नाही. पण शास्त्रीबुवांच्या घरात जन्मलेल्या पोराला त्र्यंबकहून जे. जे. पर्यंत जायला वाट होती. त्याच त्र्यंबकच्या वेशीबाहेरच्या पोराला ती नव्हती. पदक कुणाला मिळालं एवढंच विचारून कलेचा इतिहास पुरा होत नाही. स्पर्धेच्या मांडवात कुणाला शिरू दिलं, हे आधी विचारायचं.

मांडवाचं सोडा, देवळाचं बघा. पंचवटीतलं काळाराम मंदिर १७८२ च्या सुमारास सरदार रंगराव ओढेकरांनी बांधायला घेतलं. दोन हजार माणसं बारा वर्षं राबली असं सांगतात. काळा दगड, सुबक घडण, आजही चित्रकलेची पोरं तिथं बसून स्केच करतात. नाव ओढेकरांचं. त्या दोन हजारांचं? २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली, भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसं त्या दारापुढं उभी राहिली. दार बंद. लाठ्या, दगड, तुरुंग. पाचेक वर्षं लढा चालला आणि दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी सांगितलं की हिंदू म्हणून मरणार नाही. २१ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात ते खरं केलं.

त्या दिवशी त्रिरश्मीचा डोंगर परत आपला झाला. त्याआधीही तो होता, पण आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं. आता फाळके स्मारकाच्या शेजारीच बुद्धविहार आहे. आयाबाया पोरांना घेऊन तिथं येतात आणि तसंच वर लेणी बघायला चढतात. पायऱ्या चढून दम लागतो, मग १० नंबरच्या ओसरीत बसतात. डोक्यावर विणकरांचा हिशोब कोरलेला असतो.

नागपूरचंच पुढचं उदाहरण घ्या. सवी सावरकर, जन्म १९६१. नागपूर, मग बडोदा इथं कला शिकले, पुढं दिल्लीत शिकवलं. त्यांनी आपल्या छापचित्रांत, रेखाटनांत आणि रंगचित्रांत गळ्यात मडकं अडकवलेला माणूस आणला, पेशवाईतला. झाडू आणला. देवदासी आणली, मनू आणला. आणि चित्राच्या नावातच 'अस्पृश्य' हा शब्द घातला. पट्टीवर. बघणाऱ्याला तो शब्द वाचल्याबिगर पुढं सरकता येत नाही. ज्या शब्दानं आपल्याला भिंतीबाहेर ठेवलं तोच शब्द त्यांनी भिंतीवर टांगला. कवितेत हे आपण साठ-सत्तरच्या दशकात केलं. रंगात ते करायला शिकलेला हात लागतो, आणि हात शिकायला शाळेचं दार उघडं लागतं. म्हणून चित्रकलेत आपल्याला उशीर झाला. उशीर झाला म्हणून परंपरा नाही असं होत नाही.

तेव्हा मित्रा, परंपरा कोणती विचारली तर मान खाली घालू नकोस. सांग, त्रिरश्मीच्या विणकरांची. मुगुदासाची. कार्ल्याच्या सामी सुताराची. अजिंठ्यात बसून नकला करणाऱ्या आणि पट्टी न मिळालेल्या पोरांची. काळारामाचा दगड घडवणाऱ्या दोन हजारांची. त्याच दारासमोर डोकी फुटलेल्यांची. ही परंपरा पुस्तकात एका जागी लिहिलेली नाही, म्हणून मास्तरांना ठाऊक नसेल. तू त्यांना रिक्षात घालून डोंगरावर घेऊन जा. 

आडनावाचं तुझं भ्याव मला कळतं. ते भ्याव तुझ्या मनात जन्मलेलं नाही, दुसऱ्यांनी घातलेलं आहे. नाव अर्धं लिहून मार्क चार जास्त पडतीलही, मी खोटं कशाला बोलू. पण मग चित्रातल्या घमेल्याचं काय? ते घमेलं ज्या बाईच्या डोक्यावर आहे तिचं आडनाव आणि तुझं आडनाव एकच आहे. चित्रात तिला पुरी काढायची आणि पट्टीवर अर्धी पुसायची, हे दोन्ही एका भिंतीवर जमायचं नाही. नाव गाळायचं काम इतिहासानं आपल्यासाठी फुकट केलंय. त्यात आपल्या हातानं भर घालायची काही गरज नाही.

म्हणून पट्टी लिही. चित्राचं नाव तुला सुचेल ते. माध्यमात नुसतं कॅनव्हास लिहू नकोस, 'मांजरपाटावर तैलरंग' असं लिही. जे आहे ते. आणि खाली स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव. आईचं घालावंसं वाटलं तर तेही घाल. पट्टी चार इंचाची असते. सगळं मावतं.